हाब्सबुर्ग घराण्याची वंशावळ आणि पदव्या कशा वाचाव्यात : एक सविस्तर मार्गदर्शन

मध्य युरोप आणि स्पेन येथे शतकानुशतके राज्य केलेल्या हाब्सबुर्ग घराण्याची वंशावळ पहिल्यांदा समोर येते तेव्हा वाचक बहुधा दोन ठिकाणी अडखळतो. रुडॉल्फ, फर्डिनांड, मॅक्सिमिलियन, कार्ल, लिओपोल्ड, फ्रान्झ ही तीच ती नावे शतकानुशतके फिरून फिरून येतात, त्यामुळे कोण कोणाचा हे कळेनासे होते; आणि एकाच माणसाच्या नावापुढे सम्राट, राजा, आर्चड्यूक, ड्यूक, काउंट अशा उतरत्या दर्जाच्या पदव्यांची एवढी मोठी रांग असते की तिच्यातली खरी सत्ता कोणती आणि निव्वळ मिरवण्याचा भाग कोणता, याचा अंदाज लागत नाही. पुढे दिलेली पद्धत या दोन्ही अडचणींसाठी आहे. युरोपच्या इतिहासाचा अभ्यास करणारे विद्यार्थी, जुनी नाणी जमवणारे संग्राहक आणि व्हिएन्ना, प्राग किंवा बुडापेस्ट पाहायला जाणारे प्रवासी या सर्वांना ती उपयोगी पडेल.

या पद्धतीच्या मुळाशी एकच विचार आहे. व्यक्ती, प्रदेश आणि पदवी या तीन गोष्टी एकमेकींच्या सोबतीने चालत असल्या तरी त्यांचे वारशाचे नियम वेगवेगळे असतात. सातबाऱ्यावर एखाद्याचे नाव दिसले म्हणून जमीन त्याच्याकडे कशी आली ते कळत नाही, त्यासाठी फेरफाराची नोंद पाहावी लागते. तसेच प्रत्येक पदवीबद्दल विचारावे की ती या घराण्यात कोणत्या वाटेने आली, निवडणुकीने, वारशाने, विवाहाने, जिंकून, की केवळ दाव्याने? या प्रश्नाचे उत्तर हाती आले की बाकीची गुंतागुंत पुष्कळशी सुटते.

पहिली पायरी : रकाने आखणे

वंशवृक्ष काढायला बसण्याआधी वहीत सहा रकाने आखावेत : व्यक्तीचे नाव, आईवडील, पदवी, ती मिळाल्याचे वर्ष, ती मिळाल्याचा मार्ग आणि ती सुटल्याचे वर्ष. एका व्यक्तीला एक ओळ न देता एका पदवीला एक ओळ द्यावी. पाचव्या कार्लसाठी अशा ओळी पुष्कळ होतील, परंतु तो १५१६ मध्ये स्पेनचा राजा झाला, १५१९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांच्या समूहाचा, सम्राट म्हणून निवडला गेला आणि १५५५-५६ मध्ये त्याने एकेक पद स्वतंत्रपणे सोडले, हा क्रम त्या ओळींतून आपोआप स्पष्ट होतो. निवड, राज्याभिषेक आणि प्रत्यक्ष कारभाराची सुरुवात यांच्या तारखा वेगळ्या लिहाव्यात, कारण ग्रंथांमध्ये दिसणारा वर्षांचा घोळ बहुतेक वेळा यांतूनच निर्माण होतो. पाचव्या कार्लचीच निवड १५१९ ची, आखेन येथील राज्याभिषेक १५२० चा आणि पोपच्या हस्ते बोलोन्या येथे झालेला सम्राटपदाचा अभिषेक १५३० चा आहे.

नातेसंबंध लिहितानाही नेमकेपणा ठेवावा. या घराण्यात जवळच्या नात्यातले विवाह एवढे झाले आहेत की चुलता, मामा, आतेभाऊ, मावसबहीण हे स्पष्ट लिहिले नाही तर पुढचे काही जुळत नाही. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची चौथी पत्नी ॲना ही त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती. त्याचा नातू चौथा फिलिप याचा दुसरा विवाह मारियाना हिच्याशी झाला. तीही त्याच्या बहिणीचीच मुलगी. या मामा-भाचीच्या संबंधातून जन्मलेला दुसरा कार्लोस याचा वंशवृक्ष काढून पाहावा, म्हणजे तिसरा फिलिप आणि मार्गारेट हे जोडपे वडिलांच्या बाजूने त्याचे आजी-आजोबा आणि आईच्या बाजूने पणजी-पणजोबा, अशा दोन जागी सापडेल. अशा ठिकाणी एकच नाव दोनदा लिहून दोन्ही जागा रेघेने जोडाव्यात. ती चूक समजून खोडू नये.

दुसरी पायरी : मुख्य खोड

घराण्याचे नाव आजच्या स्वित्झर्लंडमधील आरगाऊ भागात अकराव्या शतकात बांधलेल्या एका गढीवरून आले. दोन शतके हे स्थानिक काउंट होते. १२७३ मध्ये रुडॉल्फ याची जर्मन राजा म्हणून निवड झाली, १२७८ मध्ये मार्चफेल्डच्या लढाईत बोहेमियाचा राजा ओटोकार मारला गेला आणि १२८२ मध्ये रुडॉल्फने ऑस्ट्रिया व स्टायरिया हे प्रदेश आपल्या मुलांना दिले. तेव्हापासून हे घराणे ऑस्ट्रियाचे झाले. कॅरिंथिया आणि कार्निओला १३३५ मध्ये, टिरोल १३६३ मध्ये आणि ट्रिएस्ट १३८२ मध्ये त्यांच्याकडे आले.

त्यानंतरच्या खोडासाठी एवढी नावे पुरेशी आहेत : तिसरा फ्रेडरिक, त्याचा मुलगा पहिला मॅक्सिमिलियन, त्याचा मुलगा देखणा फिलिप, त्याचे दोन मुलगे पाचवा कार्ल आणि पहिला फर्डिनांड, फर्डिनांडपासून निघालेली ऑस्ट्रियन शाखा सहाव्या कार्लपर्यंत, त्याची मुलगी मारिया थेरेसा, तिचे मुलगे दुसरा जोसेफ आणि दुसरा लिओपोल्ड, लिओपोल्डचा मुलगा फ्रान्झ, फ्रान्झचा मुलगा फर्डिनांड, फर्डिनांडचा पुतण्या फ्रान्झ जोसेफ, आणि फ्रान्झ जोसेफच्या पुतण्याचा मुलगा कार्ल, जो १९१८ पर्यंत गादीवर होता. हे खोड पाठ झाल्याशिवाय फांद्यांकडे वळू नये, असा माझा आग्रह आहे.

तिसरी पायरी : फांद्या कोठे फुटल्या ते पाहणे

मध्ययुगात हे घराणे आपले प्रदेश भावांमध्ये वाटून घेत असे. १३७९ मधील नॉयबेर्गच्या करारानुसार आल्बेर्ट आणि लिओपोल्ड या दोन भावांच्या दोन शाखा झाल्या. आल्बेर्टची शाखा १४५७ मध्ये संपली, लिओपोल्डच्या शाखेचेही पुढे भाग पडले, आणि १४९० मध्ये मॅक्सिमिलियनकडे टिरोल आल्यावर सर्व प्रदेश पुन्हा एकत्र झाले. १५६४ मध्ये पहिल्या फर्डिनांडच्या तीन मुलांमध्ये पुन्हा अशीच वाटणी झाली. सर्वांत धाकट्या कार्लकडे स्टायरिया, कॅरिंथिया आणि कार्निओला आले, आणि थोरल्या शाखेतला पुरुषवंश खुंटल्यावर या धाकट्या पातीचा दुसरा फर्डिनांड १६१९ मध्ये सम्राट झाला. पुढचे सर्व हाब्सबुर्ग सम्राट त्याच्याच वंशातले आहेत, म्हणून वंशवृक्षात ही फांदी आधीपासूनच ठळक काढावी.

मोठी फाटाफूट मात्र १५२१-२२ ची आहे. त्या वेळी पाचव्या कार्लने ऑस्ट्रियाचे वडिलोपार्जित प्रदेश धाकटा भाऊ फर्डिनांड याच्याकडे सोपवले. फर्डिनांडचा विवाह हंगेरी व बोहेमियाची राजकन्या ॲना हिच्याशी झाला होता आणि ॲनाचा भाऊ राजा लुई १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत मारला गेल्यावर त्या दोन्ही मुकुटांसाठी फर्डिनांड पुढे आला. बोहेमिया आणि हंगेरीच्या सरदारसभांनी त्याची निवड केली, पण हंगेरीत प्रतिस्पर्धी राजाचीही निवड झाली होती. वहीतल्या ‘मार्ग’ या रकान्यात येथे केवळ ‘विवाह’ लिहून भागणार नाही, ‘विवाहाने दावा, सभेकडून निवड’ असे लिहावे लागेल. कार्लच्या स्पॅनिश शाखेत दुसरा, तिसरा व चौथा फिलिप आणि शेवटी दुसरा कार्लोस असे राजे झाले. १ नोव्हेंबर १७०० रोजी कार्लोस निपुत्रिक वारला आणि ती शाखा संपली.

या स्पॅनिश शाखेचा आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध आहे. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी झाली तेव्हा दुसऱ्या फिलिपने आईच्या बाजूने आलेल्या हक्काच्या बळावर ती मिळवली आणि १ डिसेंबर १६४० च्या उठावापर्यंत पोर्तुगालचे राज्य हाब्सबुर्गांकडे राहिले. या साठ वर्षांत गोवा, वसई, चौल आणि दमण येथील पोर्तुगीज ठाणी हाब्सबुर्ग राजाच्या नावाने चालत होती. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, तेव्हा गोव्याच्या व्हाइसरॉयचा धनी माद्रिदमध्ये बसलेला चौथा फिलिप होता. जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयची कमान ज्याच्या कारकिर्दीत उभी राहिली तो फ्रान्सिस्को द गामा, म्हणजे वास्को द गामाचा पणतू, हाही हाब्सबुर्ग राजाच्याच नेमणुकीने आलेला होता.

चौथी पायरी : १७४० चा सांधा

या वंशावळीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त चुकीचा सांगितला जाणारा टप्पा हा आहे. सहाव्या कार्लला मुलगा उरला नव्हता. १९ एप्रिल १७१३ रोजी त्याने प्रॅग्मॅटिक सँक्शन नावाचा वारसानियम जाहीर केला. घराण्याचे सर्व प्रदेश अविभाज्य राहतील आणि पुत्र नसल्यास ते कन्येकडे जातील, असा त्याचा आशय होता. पुढची अनेक वर्षे त्याने युरोपातील दरबारांकडून या नियमाला मान्यता मिळवण्यात घालवली. २० ऑक्टोबर १७४० रोजी तो वारला, आणि मान्यता देणाऱ्यांपैकी काहींनीच शब्द फिरवल्यामुळे १७४८ पर्यंत चाललेले ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचे युद्ध पेटले.

मूळ हाब्सबुर्गांचा पुरुषवंश येथे संपला. मारिया थेरेसाचा पती फ्रान्झ स्टेफान हा लोरेनचा ड्यूक होता. १७३६ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास झालेल्या तडजोडीत त्याला आपले वडिलोपार्जित लोरेन सोडून त्या बदल्यात टस्कनीची ग्रँड ड्यूकपदवी घ्यावी लागली. यांच्या संततीपासून पुढच्या घराण्याचे नाव हाब्सबुर्ग-लोरेन झाले. त्यामुळे फ्रान्झ जोसेफ किंवा शेवटचा कार्ल यांचा उल्लेख करताना, वडिलांच्या बाजूने पाहिले तर ते लोरेनचे आहेत, हे लक्षात ठेवावे. वंशवृक्षात या सांध्यावर रंग बदलावा, म्हणजे दोन्ही बाजू नजरेत वेगळ्या राहतात.

मारिया थेरेसाला हंगेरी, बोहेमिया आणि ऑस्ट्रिया वारशाने मिळाले, परंतु सम्राटपद मिळणे शक्य नव्हते. ते निवडणुकीचे पद होते आणि त्यावर स्त्रीची निवड होत नसे. १७४२ मध्ये बव्हेरियाचा कार्ल सम्राट झाला. तो १७४५ मध्ये वारल्यावर मारिया थेरेसाच्या पतीची निवड झाली. ती सम्राटाची पत्नी म्हणून सम्राज्ञी ठरली, परंतु फ्रँकफुर्टला गेली असतानाही तिने स्वतःला सम्राज्ञी म्हणून अभिषेक करून घेतला नाही. ‘ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा’ असा उल्लेख मराठी पुस्तकांत सर्रास दिसतो. ऑस्ट्रियाचे सम्राटपद तिच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी निर्माण झाले, त्यामुळे तो टाळावा.

पाचवी पायरी : सम्राटपद आणि आर्चड्यूकपद वेगळे ओळखणे

पवित्र रोमन साम्राज्याचा प्रमुख हा १३५६ च्या सुवर्णमुद्रांकित फर्मानानुसार सात मतदार राजे व धर्माधिकारी निवडत असत. निवडून आलेल्याला ‘रोमन लोकांचा राजा’ म्हणत, आणि पोपच्या हस्ते अभिषेक झाल्यावरच तो सम्राट होई. रोममध्ये असा अभिषेक झालेला शेवटचा सम्राट तिसरा फ्रेडरिक, तोही १४५२ मध्ये. १५०८ मध्ये मॅक्सिमिलियनने रोमला न पोहोचताच, त्रेंतो येथे, पोपच्या संमतीने ‘निर्वाचित रोमन सम्राट’ ही पदवी धारण केली आणि पुढे तोच प्रघात पडला. सम्राट हयात असतानाच त्याच्या मुलाची ‘रोमन लोकांचा राजा’ म्हणून निवड करून ठेवण्याची युक्ती घराण्याने वारंवार वापरली. म्हणून वहीत ‘रोमन लोकांचा राजा’ असे दिसले तर ती व्यक्ती बहुधा पुढचा सम्राट आहे, असे समजावे. १४३८ पासून १८०६ पर्यंत, १७४२ ते १७४५ ही तीन वर्षे वगळता, हे पद या घराण्यात किंवा त्याच्या जावयाकडे राहिले, तरीही कायद्याने ते कधीच वंशपरंपरागत झाले नाही.

आर्चड्यूक या पदवीचा उगम मात्र बनावट कागदपत्रांत आहे. चौथा रुडॉल्फ याने १३५८-५९ च्या सुमारास जुन्या सम्राटांच्या नावाने काही सनदा तयार करवल्या आणि मतदार राजांच्या तोडीचा मान मिळावा म्हणून त्या पुढे केल्या. त्यांत ज्युलियस सीझर आणि नीरो यांच्या नावाची पत्रेही होती. सम्राट चौथ्या कार्लने ती पत्रे इटालियन कवी आणि विद्वान पेट्रार्क याला दाखवली, आणि त्याने ती खोटी असल्याचे खणखणीत शब्दांत कळवले. तरीही १४५३ मध्ये घराण्याचाच तिसरा फ्रेडरिक सम्राट असताना त्याने या सनदांना मान्यता दिली आणि आर्चड्यूकपद कायदेशीर झाले. एखादी पदवी खोट्या आधारावर उभी राहूनही पुढे पूर्णपणे वैध होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणून वहीत ‘दावा’ आणि ‘मान्यता’ यांची वर्षे वेगळी लिहिण्याची सवय लावून घ्यावी. पुढे ही पदवी घराण्यातल्या सर्व मुलामुलींना लागू झाली. त्यामुळे आर्चड्यूक म्हणजे राज्यकर्ता असे गृहीत धरू नये. बहुतेक आर्चड्यूकांनी कधीच राज्य केले नाही.

सहावी पायरी : क्रमांकांचा हिशेब

राजाच्या नावापुढचा क्रमांक त्या त्या राज्याचा असतो, त्या माणसाचा नव्हे. स्पेनचा पहिला कार्लोस तोच साम्राज्याचा पाचवा कार्ल. स्पेनचा दुसरा फिलिप पोर्तुगालमध्ये पहिला फिलिप, आणि त्याच हिशेबाने माद्रिदचा चौथा फिलिप गोव्याच्या कागदपत्रांत तिसरा होतो. गोव्याच्या इतिहासाचे वाचन करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. साम्राज्याचा सहावा कार्ल हंगेरीत तिसरा आहे. पवित्र रोमन साम्राज्याचा दुसरा फ्रान्झ हाच ऑस्ट्रियाचा पहिला फ्रान्झ. त्याचा मुलगा ऑस्ट्रियात पहिला फर्डिनांड असला तरी हंगेरी आणि बोहेमियात पाचवा आहे. शेवटचा कार्ल ऑस्ट्रियात पहिला, हंगेरीत चौथा आणि बोहेमियाच्या क्रमाने तिसरा ठरतो.

यावर साधा उपाय असा की क्रमांक लिहिताना राज्याचे नाव जोडल्याशिवाय तो लिहूच नये. नुसते ‘पहिला फर्डिनांड’ म्हटले तर १५६४ मध्ये वारलेला कार्लचा भाऊ आणि १८४८ मध्ये गादी सोडणारा ऑस्ट्रियाचा सम्राट, यांपैकी कोणाचाही बोध होऊ शकतो. हंगेरीत आणखी एक बारकावा आहे : तेथे पवित्र मुकुटाने अभिषेक झाल्याशिवाय राजाला पूर्ण राजा मानत नसत. दुसऱ्या जोसेफने हा अभिषेक टाळला, म्हणून हंगेरियन लोक त्याला ‘टोपीवाला राजा’ म्हणत.

सातवी पायरी : एका नाण्यावर सराव

सरावासाठी मारिया थेरेसाच्या थालरइतके चांगले साधन नाही, कारण ते नाणे आजही सहज मिळते. त्यावर १७८० हे तिच्या मृत्यूचे वर्ष कायम ठेवून ते पुढे दीर्घकाळ पाडले जात राहिले. तांबड्या समुद्राच्या परिसरातील व्यापारात त्याला मोठा मान होता, आणि १९४०-४१ मध्ये इथिओपियाच्या मोहिमेच्या गरजेसाठी ते मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. चांदीचे हे नाणे साधारण २८ ग्रॅम वजनाचे असून त्यातील शुद्ध चांदीचे प्रमाण १००० भागांत सुमारे ८३३ असते.

दर्शनी बाजूस डोक्यावरून ओढणी घेतलेल्या विधवा राणीची उजवीकडे पाहणारी मुद्रा आहे आणि कडेने लॅटिन अक्षरे आहेत : ‘एम. थेरेसिया डी. जी. आर. इम्प. हु. बो. रेग.’ प्रत्येक बिंदूपाशी थांबावे. ‘डी. जी.’ म्हणजे ईश्वरकृपेने. ‘आर. इम्प.’ म्हणजे रोमन सम्राज्ञी. ही पदवी पतीकडून आलेली आहे, १७६५ मध्ये तो वारल्यावर प्रत्यक्ष सम्राट तिचा मुलगा जोसेफ होता, आणि तरीही मानाने सर्वांत उंच असल्यामुळे ती पहिली लिहिली आहे. ‘हु. बो. रेग.’ म्हणजे हंगेरी व बोहेमियाची राणी, आणि या पदव्या तिच्या स्वतःच्या आहेत.

मागील बाजूस साम्राज्याचा दोन डोक्यांचा गरुड आणि त्याच्या छातीवर ढाल आहे. तेथील अक्षरे ‘आर्किड. आव्स्ट. डुक्स बुर्ग. को. टिर.’ अशी आहेत : ऑस्ट्रियाची आर्चडचेस, बर्गंडीची डचेस, टिरोलची काउंटेस. ऑस्ट्रिया आणि टिरोल तिच्या ताब्यात होते. बर्गंडीची पदवी मात्र १४७७ मध्ये मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीशी विवाह केला तेव्हाची आहे. दिजोंभोवतीचा मूळ बर्गंडी प्रदेश फ्रान्सने लगेच घेतला आणि पाचव्या कार्लने १५२९ च्या कांब्रेच्या तहात त्यावरचा दावा सोडला. घराण्याकडे उरला तो त्याच वारशातला सखल देशांचा (आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमचा) भाग, आणि मारिया थेरेसाच्या काळात त्याचा दक्षिणेकडील हिस्सा तिच्याकडे होता. तळहाताएवढ्याही नसलेल्या या चकतीवर विवाहाने मिळालेली, वारशाने मिळालेली आणि अर्धी सुटूनही उरलेली, अशा तिन्ही प्रकारच्या पदव्या शेजारी शेजारी बसल्या आहेत. ढालीमधील हंगेरीचे व बोहेमियाचे चिन्ह आणि मधोमध असलेले ऑस्ट्रियाचे चिन्ह शोधून ते अक्षरांशी जुळवून पाहावे.

आठवी पायरी : मोठी पदवी चाळून घेणे

फ्रान्झ जोसेफची पूर्ण पदवी साधारण अशी सुरू होते : ऑस्ट्रियाचा सम्राट, हंगेरीचा अपोस्टोलिक राजा, बोहेमिया, डाल्मेशिया, क्रोएशिया, स्लाव्होनिया, गॅलिशिया, लोडोमेरिया आणि इलिरिया यांचा राजा, जेरुसलेमचा राजा, ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक, टस्कनी आणि क्राकूव्ह यांचा ग्रँड ड्यूक, लोरेन, साल्झबुर्ग, स्टायरिया, कॅरिंथिया, कार्निओला आणि बुकोव्हिना यांचा ड्यूक, आणि पुढे ही यादी ट्रिएस्टच्या स्वामीपर्यंत आणि सर्बियाच्या महाव्होइव्होडपर्यंत (व्होइव्होड म्हणजे प्रांताधिपती) जाते. ती वरून खाली वाचत बसण्यापेक्षा पेन्सिलीने प्रत्येक पदवीपुढे खूण करावी.

ताब्यात असलेल्या प्रदेशांना एक खूण : बोहेमिया, हंगेरी, १७७५ मध्ये घेतलेले बुकोव्हिना, १८४६ मध्ये खालसा केलेले क्राकूव्ह. गमावलेल्यांना दुसरी : लोरेन १७३७ मध्ये गेले, लुसाशिया १६३५ मध्ये सॅक्सनीकडे गेला, सायलेशियाचा बहुतेक भाग १७४२ मध्ये प्रशियाने घेतला आणि टस्कनी व मोडेना इटलीच्या एकीकरणात गेले. ‘हाब्सबुर्गचा काउंट’ ही पदवीही याच गटातली आहे, कारण आरगाऊमधला मूळ गढीचा प्रदेश स्विसांनी १४१५ मध्येच जिंकला होता. पुढची पाच शतके घराण्याने आपल्या नावाचे गाव ताब्यात नसतानाही पदवीतून काढले नाही. केवळ दाव्यासाठी तिसरी खूण : जेरुसलेमचा मुकुट लोरेन घराण्याच्या जुन्या दाव्यांतून आला. आणि कारभारापुरत्या निर्माण करून मोडलेल्या प्रदेशांना चौथी : इलिरियाचे राज्य १८४९ पर्यंत आणि सर्बियाचे व्होइव्होडीना १८६० पर्यंतच अस्तित्वात होते.

नामधारी पदव्यांकडे कानाडोळा करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. मध्ययुगात हंगेरीचे राजे ‘गॅलिशिया आणि लोडोमेरियाचा राजा’ ही पदवी मिरवत असत, त्या प्रदेशावर त्यांची टिकाऊ सत्ता नसतानाही. हंगेरीचा मुकुट हाब्सबुर्गांकडे आला तशी ती पदवीही आली आणि अडीच शतके निजून राहिली. १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली तेव्हा व्हिएन्नाच्या दरबाराने हाच जुना दावा पुढे करून बळकावलेल्या प्रांताला तेच नाव दिले, आणि तो प्रांत १९१८ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. पदव्यांची यादी ही म्हणूनच दरबाराच्या संभाव्य हक्कांची वही होती. यादीत काय नाही तेही पाहावे : १८७८ मध्ये व्यापलेला आणि १९०८ मध्ये खालसा केलेला बोस्निया तिच्यात कधी आलाच नाही, कारण तो ऑस्ट्रियाचा की हंगेरीचा यावर राज्याच्या या दोन्ही भागांचे एकमत नव्हते आणि तो दोघांच्या सामाईक ताब्यात ठेवला गेला.

‘अपोस्टोलिक राजा’ हे बिरुद पोप तेराव्या क्लेमेंटने १७५८ मध्ये मारिया थेरेसाला मान्य केले होते आणि ते फक्त हंगेरीच्या मुकुटाला लागू आहे.

नववी पायरी : १८०४ आणि १८६७

नेपोलियनला फ्रान्सचा सम्राट म्हणून घोषित केल्यानंतर फ्रान्झने ११ ऑगस्ट १८०४ रोजी स्वतःसाठी ऑस्ट्रियाचे वंशपरंपरागत सम्राटपद जाहीर केले. ६ ऑगस्ट १८०६ रोजी त्याने पवित्र रोमन साम्राज्याचा मुकुट उतरवला आणि ते साम्राज्य विसर्जित झाल्याचे सांगितले. मधली दोन वर्षे तो दुहेरी सम्राट होता. ऑस्ट्रियाला राजा कधीच नव्हता. आर्चड्यूक होते आणि मग थेट सम्राट झाले, त्यामुळे ‘ऑस्ट्रियाचा राजा’ असा प्रयोग कोणत्याही काळासाठी चुकीचा आहे.

१८६७ च्या तडजोडीनंतर राज्याचे ऑस्ट्रिया आणि हंगेरी असे दोन अर्धे झाले आणि फ्रान्झ जोसेफचा ८ जून १८६७ रोजी हंगेरीचा राजा म्हणून अभिषेक झाला. जुन्या शिक्क्यांवर व पाट्यांवर दिसणारी जर्मन आद्याक्षरे येथून काळजीपूर्वक वाचावीत. ‘के. के.’ म्हणजे सम्राटाचे-राजाचे. १८६७ नंतर हे फक्त ऑस्ट्रियन अर्ध्याच्या कचेऱ्यांना लागू होते. ‘के. उंड के.’ म्हणजे सम्राटाचे आणि राजाचे; ते परराष्ट्र, युद्ध आणि सामाईक अर्थ या एकत्रित खात्यांसाठी. सैन्याच्या बाबतीत हा ‘आणि’ १८८९ मध्ये, हंगेरीच्या आग्रहामुळे आला. एखाद्या गणवेशाच्या किंवा कागदाच्या काळाचा अंदाज बांधायला एवढा एक शब्द पुरतो.

दहावी पायरी : विवाहाचा दर्जा आणि उपशाखांची नावे

घराण्याच्या नियमांनुसार विवाह समान दर्जाच्या कुळाशी झाला नाही तर पत्नी आणि संतती यांना पदवी व वारसा मिळत नसे. आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडने २८ जून १९०० रोजी शपथ घेऊन हे मान्य केले आणि १ जुलैला सोफी चोटेक हिच्याशी विवाह केला. सोफीला आणि मुलांना होहेनबेर्ग हे वेगळे नाव मिळाले, म्हणून १९१४ मध्ये सारायेव्होत ती दोघे मारली गेल्यावर गादीचा हक्क त्यांच्या मुलांकडे न जाता त्याचा पुतण्या कार्ल याच्याकडे गेला. ज्या नावापुढे होहेनबेर्ग दिसेल ती व्यक्ती रक्ताने याच वंशातली, पण वारसाच्या क्रमाबाहेरची समजावी.

फ्रान्झ फर्डिनांडच्या नावात ‘एस्ते’ हा शब्दही असतो. मारिया थेरेसाच्या एका मुलाने मोडेनाच्या एस्ते घराण्याच्या वारस मुलीशी विवाह केला आणि ऑस्ट्रिया-एस्ते ही शाखा सुरू झाली. १८७५ मध्ये तिचा पुरुषवंश संपल्यावर नाव आणि मालमत्ता मृत्युपत्राने फ्रान्झ फर्डिनांडकडे आली. नावावरून रक्ताचे नाते ठरवू नये, हे येथे दिसते. टस्कनीची शाखा वेगळी, ती दुसऱ्या लिओपोल्डच्या मुलापासूनची. मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियन हा फ्रान्झ जोसेफचा सख्खा भाऊ. १८६४ मध्ये मेक्सिकोला जाण्यापूर्वी त्याच्याकडून ऑस्ट्रियातील वारसाहक्क सोडून घेण्यात आला होता, म्हणून त्याच्या ओळीत शेवटच्या रकान्यात ते वर्ष लिहावे.

अकरावी पायरी : १९१८ नंतरची नावे

११ नोव्हेंबर १९१८ रोजी कार्लने ऑस्ट्रियाच्या राज्यकारभारातील सहभाग सोडल्याचे जाहीर केले आणि दोन दिवसांनी हंगेरीसाठीही तसेच पत्र दिले. त्यात ‘गादीचा त्याग’ हे शब्द त्याने जाणीवपूर्वक टाळले होते, म्हणून वहीत ‘पदत्याग’ न लिहिता ‘कारभारातून निवृत्ती’ लिहावे. १ एप्रिल १९२२ रोजी तो मादेरा बेटावर वारला. ऑस्ट्रियाने ३ एप्रिल १९१९ रोजी हाब्सबुर्गांविषयीचा कायदा आणि सरदारी पदव्या रद्द करणारा कायदा केला; दुसऱ्या कायद्याने नावातला ‘फॉन’ हा शब्दही वापरण्यास मनाई झाली. जर्मनीत त्याच वर्षीच्या राज्यघटनेने पदव्यांचे विशेषाधिकार काढून घेतले, पण त्या आडनावाचा भाग म्हणून राहू दिल्या. हंगेरीने १९४७ मध्ये पदव्या रद्द केल्या.

त्यामुळे कार्लचा थोरला मुलगा, १९१२ मध्ये जन्मलेला आणि १९७९ ते १९९९ या काळात जर्मनीतून युरोपीय संसदेवर निवडून आलेला ओटो, जर्मन कागदपत्रांत ओटो फॉन हाब्सबुर्ग आणि ऑस्ट्रियन कागदपत्रांत ओटो हाब्सबुर्ग-लोथ्रिंगेन असा आढळतो. दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या म्हणून एका ओळीत आणाव्यात आणि १९१९ नंतरच्या हयात व दिवंगत सदस्यांच्या बाबतीत आर्चड्यूक ही पदवी ‘कायदेशीर पदवी’च्या रकान्यात न लिहिता ‘घराण्यातील वापर’ असा सातवा रकाना आखून त्यात लिहावी.